कोकणातील सायकलमार्ग : घाट, खाड्या आणि किल्ले (नियोजनासाठी धागा)

लाल माती (दापोली)

पुण्या-मुंबईहून सायकलवर कोकणात येऊ इच्छिणाऱ्यांकडून मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे "घाट झेपेल का?" हा प्रश्न चुकीच्या चढाबद्दल विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. सह्याद्रीचे मोठे घाट लांब असले तरी सौम्य आहेत. पायांची खरी परीक्षा किनाऱ्यावरचा रस्ता घेतो, आणि ज्याने दिवसाचे नियोजन किलोमीटरवर केलेले असते त्याची दुपारी दोन वाजता भर उन्हात फजिती होते.

याचे कारण भूरचनेत आहे. किनाऱ्याला लागून जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारे, पसरलेले आहेत. त्यांची उंची फार नाही, शंभर-दोनशे मीटर एवढीच. पण सह्याद्रीतून आलेल्या प्रत्येक लहानमोठ्या नदीने हा सडा खोलवर कापून खाडी तयार केली आहे. गावे आणि बंदरे खाली पाण्याजवळ, तर रस्ता मात्र वर कातळावर. त्यामुळे सागरी महामार्ग म्हणवणारा रस्ता प्रत्यक्षात सड्यावरून वाडीत उतरतो, माडा-पोफळींमधून जातो, साकव (ओढ्यावरचा लहान पूल) ओलांडतो आणि लगेच पुन्हा सड्यावर चढतो. एका दिवसात असे पाच चढ आले आणि प्रत्येक चढ दीडशे मीटरांचा धरला, तरी साडेसातशे मीटर होतात, म्हणजे एक अख्खा घाट झाला. फरक इतकाच की घाटावर लय सापडते आणि येथे ती सापडायच्या आत मोडते.

दुसरा मुद्दा चढाच्या तीव्रतेचा आहे. घाटरस्ते गाडीरस्ते म्हणून आखलेले आहेत. बैलांना भरलेली गाडी ओढता यावी म्हणून वळणे वाढवली गेली आणि चढ आवाक्यात ठेवला गेला. वाड्यांना जोडणारे रस्ते असे आखलेले नाहीत. पूर्वी जेथे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, होती, तिच्याच बाजूने सरळ वर डांबर ओतलेले अनेक ठिकाणी दिसते. दहा टक्क्यांच्या वरचा चढ तेथे सहज भेटतो आणि तीव्र वळणांवर पावसात डांबर टिकत नाही म्हणून खरखरीत काँक्रीट घातलेले असते. उतरताना अशा काँक्रीटच्या कडेला जमलेल्या लाल खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये, ही सूचना येथेच देऊन ठेवतो.

उदाहरणादाखल दापोली-हर्णै-आंजर्ले-केळशी हा आमच्याकडचा नेहमीचा मार्ग घ्या. दापोली स्वतः सड्याच्या वरच्या अंगाला आहे. आसूदच्या बागांमधून हर्णै बंदराकडे उतरताना चढाचा विचारही मनात येत नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत पडले. पुढे जोग नदीची खाडी ओलांडून आंजर्ल्यात शिरल्यावर कड्यावरच्या गणपतीचा चढ उभा राहतो. "कड्यावरचा" हे नाव कोणी उगाच दिलेले नाही. त्यानंतर केळशी, आणि मग परत येणे. अंतर पाहून "अर्ध्या दिवसाचे काम" म्हणणारे पाहुणे संध्याकाळी दापोलीच्या चढावर सायकल हातात धरून चालताना मी पाहिले आहेत.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना हा भूगोल दुहेरी उपयोगाचा आहे. ज्या खाड्या आपल्याला चढउतार करायला लावतात, त्यांच्यामुळेच किल्ल्यांच्या जागा ठरल्या. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग. नकाशावर किल्ला दिसला की तेथे उतार आहे आणि उतारापाठोपाठ चढ आहे, असे खुशाल समजावे.

आपापल्या भागातील मार्ग, घाट आणि खाडी ओलांडण्याच्या सोयी येथे लिहाव्यात, ही विनंती.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

धागा उत्तम आहे. मूळ मुद्दा बव्हंशी मान्य आहे, पण घाट सौम्य आहे म्हणून तो सोपा समजला जाऊ नये. कुंभार्ली घाटाचे उदाहरण देतो. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, कारण भरतीचे पाणी वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत आणि त्याही वर येते. तेथून शिरगाव-पोफळीपर्यंत रस्ता हळूहळू वर सरकतो आणि पोफळीनंतर खरा घाट सुरू होतो. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे सोडून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार केली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॉट क्षमता उंचीच्या ज्या फरकावर उभी आहे, तोच फरक आपल्याला पायांनी भरून काढायचा आहे, हे लक्षात घेतले की घाटाचा आदर आपोआप वाटू लागतो.

चढ एकसारखा आहे, हे खरे. ३४ दातांची पुढची चेनरिंग आणि मागे ३२ दातांचा मोठा गिअर असला तर बसल्या जागी, धाप न लागता वर जाता येते. अडचण आहे ती वाहतुकीची. हा कराडकडे जाणारा मुख्य रस्ता असल्याने अवजड गाड्या सतत असतात. चढणारा ट्रक आपल्याइतकाच हळू चालतो आणि त्याचा धूर वळणावळणाला आपल्यासोबत राहतो. म्हणून चिपळुणातून अंधार असतानाच, मागे-पुढे दिवे लावून निघावे आणि ऊन चढायच्या आत घाटमाथा गाठावा, हे बरे. माथ्यावर हवा एकदम बदलते. कोकणातला दमटपणा खाली राहतो आणि घाम सुकू लागतो. घामाचे कपडे अंगावर ठेवून कोयनानगरपर्यंत उतरल्यास हिवाळ्यात चांगलीच हुडहुडी भरते, तेव्हा पातळ जाकीट खिशात असावे.

परशुराम घाटाबद्दल विचारणारे बरेच असतात. परशुराम मंदिर पाहण्यासाठी तेवढाच चढ करावा, परंतु सायकलमार्ग म्हणून मुंबई-गोवा महामार्ग मी सुचवणार नाही. रुंद झालेल्या भागात वाहनांचा वेग फार आहे आणि जेथे रस्ता अरुंद होतो तेथे सायकलला जागाच उरत नाही. महामार्ग ओलांडण्यापुरता किंवा दोन फाट्यांमधले अंतर जोडण्यापुरता वापरावा.

पुणेरी पेडल (पुणे)

दोघांचेही आभार. थोडा मतभेद नोंदवतो. आम्ही देशावरून येणारे लोक घाट आधी उतरतो आणि मग चढतो. उतरताना घाट सौम्य असण्याचा फारसा फायदा होत नाही, कारण उतार लांब असतो आणि ब्रेक तापतात. ताम्हिणीच्या उतारावर माझ्या एका सहकाऱ्याची रिम इतकी तापली की ट्यूब फुटली. सामान लादलेल्या सायकलला तर हे हमखास लागू आहे. त्यामुळे "किनारा अवघड, घाट सोपा" हे विधान चढणाऱ्यापुरते खरे मानावे.

माझे दोन प्रश्न आहेत. पावसाळ्यात यावे का? आणि तीन दिवस मिळाले, तर घाट, खाडी आणि किल्ले हे तिन्ही नीट पाहता येतील असा एखादा सलग मार्ग आहे का? एका जागी मुक्काम करून रोज फेऱ्या मारणे मला रुचत नाही.

आरेवारे (रत्नागिरी)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बाजूने देतो. भर पावसाळ्यात, म्हणजे जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत, किनाऱ्यावरचे चढउतार टाळावेत. पाऊस अंगावर घेण्यात काही बिघडत नाही. बिघडवते ते शेवाळ. झाडांच्या सावलीतले रस्ते आणि साकव यांच्यावर हिरवट बुळबुळीत थर बसतो, जो ओल्या डांबरावर नजरेला दिसत नाही. शिवाय खाडीतल्या फेरी बोटी समुद्र खवळला असता बंद ठेवल्या जातात आणि तसे झाल्यास किनाऱ्याचा मार्गच तुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर उन्हापेक्षा दमटपणा अधिक छळतो आणि प्यायलेले पाणी कमी पडू लागते. वाटेत कोकम सरबत मिळेल तेथे मीठ घालून घ्यावे. महागड्या पुड्यांची गरज भासत नाही.

आता मार्गाविषयी. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला यावे, तेथून फेरी बोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरावे आणि मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेमार्गे रत्नागिरी गाठावी. या मार्गाइतका देखणा रस्ता मला आमच्या जिल्ह्यात दुसरा ठाऊक नाही. दापोलीकडून येणाऱ्यांना आधी दाभोळ-धोपावे बोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून याच मार्गाला लागता येते. दाभोळला थोडा वेळ जरूर काढावा. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळून लुटले. खाडीकाठची शाही मशीद त्या वैभवाची थोडीफार कल्पना देते.

बोटीत सायकल मोटारींच्या मधल्या जागेत उभी करावी लागते. लोखंडी फळीवरून उतरताना सायकलवर बसू नये. ती ओली असते आणि तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांत अरुंद टायर घसरतो. टायरवरून आठवले, २५ मिलिमीटरचे टायर घेऊन येणाऱ्यांनी ते घरीच ठेवावेत. २८ चालतील, ३२ असल्यास उत्तम.

धागाकर्त्यांच्या हिशेबाला माझाही दुजोरा आहे. आरे-वारेचा चढ लांबीने किरकोळ आहे, पण तो संपता संपता समुद्र उजव्या हाताला इतका खाली आणि इतका मोठा दिसतो की सगळे तेथे थांबतात. थांबण्याचे कारण दृश्य आहे असे जो तो सांगतो.

एक स्थानिक सूचना. रस्त्यात कोणाला "अजून किती चढ आहे?" असे विचारू नये. आमच्याकडे समोरच्याचा धीर खचू नये म्हणून "हे काय, आलंच" असे उत्तर देण्याची पद्धत आहे.

चौकुळवाट (सावंतवाडी)

दक्षिणेकडचा विषय राहून गेला म्हणून लिहितो. सावंतवाडी ते आंबोली हे अंतर सुमारे तीस किलोमीटर असून आंबोलीची उंची ६९० मीटर आहे. दाणोलीपर्यंत रस्ता खालीवर होतो आणि त्यानंतर सलग चढ लागतो. वेंगुर्ला बंदर बेळगावच्या लष्करी छावणीशी जोडण्यासाठी इंग्रजांनी हा पारपोली घाटाचा रस्ता आखला. त्यापूर्वीची वाहतूक मुख्यत्वे जुन्या रामघाटाने होत असे. लष्कराच्या सामानाच्या गाड्यांसाठी आखलेला असल्यामुळे चढ अगदी समंजस आहे. नवख्या माणसाने पहिला घाट म्हणून हाच निवडावा, असे मी सुचवीन. वेंगुर्ल्याहून निघाल्यास बंदर ते घाटमाथा असा पूर्वीचा व्यापारी मार्ग एका दिवसात पुरा होतो.

पावसाळ्याबद्दल वर लिहिलेच आहे. आंबोलीपुरती भर घालतो. जुलै-ऑगस्टमधील शनिवार-रविवारी धबधब्यापाशी मोटारींची इतकी कोंडी होते की सायकलही पुढे सरकत नाही आणि धुके पडले तर दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. सप्टेंबर अखेरीस यावे. धबधबे असतात, गर्दी ओसरलेली असते.

लाल माती (दापोली)

पुणेकरांचा ब्रेकचा मुद्दा योग्य आहे. रिम ब्रेक असलेल्यांनी उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग कमी करावा आणि वळण संपल्यावर सोडून द्यावेत, म्हणजे रिमला थंड व्हायला वेळ मिळतो.

आता तीन दिवसांच्या मार्गाकडे येतो. माझी शिफारस अशी आहे की एक नदी धरावी आणि तिच्या मुखापासून उगमापर्यंत जावे. ती नदी म्हणजे सावित्री. तिचा उगम महाबळेश्वरला आणि मुख बाणकोटला. या वाटेवर तुम्हाला हवे असलेले सर्व काही आहे आणि शेवटी तुम्ही देशावरच पोहोचता, त्यामुळे परतीचा घाट वेगळा चढावा लागत नाही.

कोकण रेल्वेने खेडला उतरावे. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) नोंदवता येते. मात्र गाडी स्थानकावर फार थोडा वेळ थांबते, म्हणून डबा कोणत्या टोकाला येणार हे आधी विचारून तेथेच उभे राहावे. खेड ते दापोली सुमारे तीस किलोमीटर असून जगबुडीच्या खोऱ्यातून रस्ता वर चढतो. थोडी वाट वाकडी करण्याची तयारी असल्यास साने गुरुजींचे पालगड पाहून घ्यावे. त्या दिवशी एवढेच पुरे. पुढच्या दोन दिवसांसाठी पाय राखून ठेवलेले बरे.

दुसऱ्या दिवशी केळशीच्या बाजूने बाणकोटला जावे. किल्ला लहान आहे, पण त्याच्या तटावरून खाडीचे मुख आणि पलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर एका नजरेत येतो. १७५५ च्या मोहिमेनंतर हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले. महाबळेश्वरला १८२८ च्या सुमारास थंड हवेचे ठिकाण वसवले गेले, त्यानंतर मुंबईचे साहेब लोक जहाजाने बाणकोटला येत, तेथून होड्यांनी सावित्रीतून महाडपर्यंत जात आणि मग घाट चढत. म्हणजे आपण सायकलवर जाणार तो त्यांचाच मार्ग. आर्थर मॅलेट याची पत्नी आणि मूल या खाडीच्या मुखाशी बुडाले आणि त्यानंतर तो महाबळेश्वरच्या टोकावर बसून सावित्रीच्या दरीकडे पाहत असे, अशी कथा दोन्हीकडे सांगितली जाते. आज त्या जागेला ऑर्थर सीट म्हणतात.

बाणकोटहून मंडणगडला आतल्या रस्त्याने चढावे. हा टप्पा धाग्याच्या सुरुवातीला मांडलेला चढउतारांचा सगळा हिशेब एकदम वसूल करून घेतो. मंडणगड तालुक्यातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे. पुढे म्हाप्रळला सावित्री पुन्हा भेटते; तेथील आंबेतचा पूल सुरू आहे याची आदल्या दिवशी चौकशी करावी, आणि पूल ओलांडून गोरेगाव-लोणेरेमार्गे महाड गाठावे. शेवटचा भाग महामार्गाचा असल्याने दिवस मावळायच्या आत संपवावा. महाडच्या अलीकडे गांधारपाले लेणी रस्त्यावरूनच दिसतात. शहरात चवदार तळे आहे, जेथे २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला. बाणकोटच्या बंदराहून नदीतून आलेला माल महाडला उतरून घाटावर जात असे, ही गोष्ट खाडीचे पाणी पाहिल्यावर पटते. रायगड पाहायचा असल्यास मात्र एक पूर्ण दिवस वाढवावा. पाचाडपर्यंत सायकलने जाऊन गड घाईघाईने उरकणे योग्य नाही.

तिसरा दिवस, महाडहून पोलादपूरला येऊन, आंबेनळी घाटाचा. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरांच्या आसपास चढ आहे, म्हणजे सरासरी सव्वातीन टक्के. आकडा भीतीदायक वाटतो. रस्ता तसा नाही. वाहतूक कुंभार्लीपेक्षा बरीच कमी, सावली भरपूर आणि वळणे मोठी. पाण्याच्या बाटल्या पोलादपूरलाच भराव्यात, मधल्या भागात दुकाने तुरळक आहेत. वाडा-कुंभरोशीजवळ प्रतापगडचा फाटा लागतो. जवळच पार गाव. अफझलखानाची फौज रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरून याच पार गावाजवळ थांबली होती आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली. सायकलने हा भाग ओलांडताना दाट झाडी, अरुंद दरी आणि दोन्हीकडून डोंगर असे काही अंगावर येते की एवढी मोठी फौज येथे आणवून अडकवण्यामागची युक्ती नकाशावाचून समजते.

पुणेरी पेडल (पुणे)

मार्ग पसंत आहे. एकच शंका. वरंधा घाटाने महाडला उतरून हाच मार्ग उलट्या दिशेने, म्हणजे महाबळेश्वर वगळून, केला तर? भोरहून ते जवळ पडते आणि रेल्वेची खटपट वाचते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवला जातो आणि त्यानंतरही डागडुजी चालू असते, तेव्हा त्यावर सगळे नियोजन टांगून ठेवू नये. रस्ता खुला असेल तर उतार सुंदर आहे. कावळ्या किल्ल्याला चिरून रस्ता जातो आणि खाली शिवथरघळीचा फाटा लागतो. पण उलट दिशेने आल्यास मंडणगड-केळशी-दापोली हे सगळे चढ शेवटी येतील आणि त्यांच्यानंतर परतीचा घाट उरेलच. सव्वातीन टक्क्यांचा चढ थकलेल्या पायांनी होतो, दहा टक्क्यांचा होत नाही. म्हणून किनारा आधी आणि घाट नंतर.

लाल माती (दापोली)

सहमत. महाबळेश्वरला पोहोचल्यावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पाचगणी-पसरणीमार्गे वाईला उतरता येईल, आणि तेथून पुणे तुम्हाला पाठ आहेच. डिसेंबरमध्ये येणार असाल तर खेडला सकाळी पोहोचणारी गाडी धरा. भरणे नाक्यापर्यंत मी सायकल घेऊन येईन, आणि दापोलीचा पहिला चढ सोबत करू.